केनियाला पहिल्यांदा येताय? आधी डास, मग रस्ता, सिंह अगदी शेवटी

नैरोबीत राहायला येऊन मला आता बारा वर्षं होतील. मे संपत आला की पुण्या-ठाण्याहून, नाशकाहून फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सिंह गाडीत उडी तर मारत नाही ना हो?" नाही मारत. बारा वर्षांत माझ्याकडे येऊन गेलेल्या पाहुण्यांपैकी एकाच्याही वाटेला सिंह गेला नाही. एकाला मलेरिया झाला, दोघांचे मोबाइल गेले, एका कुटुंबाची गाडी माराच्या वाटेवरच्या नारोक गावाच्या अलीकडे भर रात्री बंद पडली आणि एक गृहस्थ एका पिवळ्या कार्डापायी मुंबईच्या विमानतळावर दोन तास बसून राहिले. काळजी करायचीच असेल तर ती या गोष्टींची करा. पुढचं सगळं प्रवासाच्या क्रमाने लिहितो, म्हणजे त्या त्या वेळी उघडून बघता येईल.

तिकिटाआधी महिना ठरवा

आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मे महिन्यात आणि केनियाचा मोठा पाऊस मार्च ते मे. त्यामुळे सुट्टीचं आणि सफारीचं गणित जुळत नाही. पॅकेज स्वस्त मिळतं ते त्यामुळेच. गाड्या चिखलात रुततात, गवत कमरेएवढं वाढतं आणि त्यात लपलेला बिबट्या तुम्हाला दिसत नाही. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यात तर नद्यांना असे पूर आले की मसाई मारा या अभयारण्यातल्या काही तंबू-छावण्यांमधून पर्यटकांना हलवावं लागलं. दिवाळीच्या सुमाराला धाकटा पाऊस येतो. तो बहुधा दुपारनंतर पडतो, चालवून घेता येतो.

टांझानियाच्या सेरेंगेटीतून येणारे विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप नदी ओलांडताना बघायचे असतील तर जुलै ते ऑक्टोबर. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की मसाई मारात शिरण्याची फी परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून रोज १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर रोज २०० डॉलर आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये नवरा-बायको दोन दिवस आत गेले तर ८०० डॉलर नुसते फाटकावर गेले. राहणं, गाडी, जेवण वेगळं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने जानेवारी-फेब्रुवारीत यावं. हवा कोरडी असते, गर्दी कमी, फी निम्मी. ते कळप तेव्हा दिसणार नाहीत, पण सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते कुठे जात नाहीत.

आणखी एक तारीख बघून ठेवा. गेली काही वर्षं जून-जुलैमध्ये नैरोबीत मोठी आंदोलनं होतात. २५ जून २०२४ ला तरुण निदर्शक संसदेत घुसले होते. ७ जुलैचा 'साबा साबा' दिवस तर १९९० पासून आंदोलनाचाच. या दोन तारखांना शहराच्या मध्यभागी फिरण्याचा बेत ठेवू नका आणि विमान पकडायचं असेल तर घरून लवकर निघा. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. त्या महिन्यात सफारी नकोच.

दीड महिना आधी : लस, परवानगी, गोळ्या

पिवळ्या तापाची लस ही सगळ्यात पहिली गोष्ट. ही लस केनियापेक्षा भारताला जास्त महत्त्वाची वाटते. भारतात डास आहे, पण हा रोग नाही. तो येऊ नये म्हणून केनियासारख्या देशातून परतणाऱ्या प्रत्येकाकडे लसीचं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली चालत नाही. केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि नंबर आधी लावावा लागतो. कार्ड लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. साठी उलटलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

मघाशी म्हटलं ते गृहस्थ लस घेऊनच आले होते. कार्ड मात्र घरी कपाटात, विम्याच्या फाइलमध्ये. मुलगा रिक्षाने घेऊन आला तेव्हा सुटका झाली. कार्ड पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा.

दुसरी गोष्ट ई-टीए. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून त्याजागी ही ऑनलाइन परवानगी आणली. ३० डॉलर आणि वर थोडा प्रक्रियेचा खर्च. तान्ह्या मुलासह प्रत्येकाचा अर्ज वेगळा. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा. फोटो, विमानाचं आणि हॉटेलचं आरक्षण जोडावं लागतं. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओ डॉट केई' असतं. शोधायला गेलात की आधी जाहिरातीच्या साइट दिसतात, त्या तोच अर्ज दुप्पट-तिप्पट पैशांत भरून देतात. त्यांच्या नादी लागू नका. त्याच प्रवासात युगांडा आणि रवांडाही करणार असाल तर १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसाही मिळतो. त्यात तिन्ही देश आणि ९० दिवस मिळतात.

तिसरी गोष्ट लोक टाळतात ती, मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या. "आपल्याकडेही मलेरिया आहेच की!" आहे. पण इथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा. आणि पुण्या-मुंबईत वाढल्याने अंगात त्याची काही ताकद येत नाही. नैरोबी उंचावर असल्याने इथे धोका कमी. मोंबासा, डियानी, सगळा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा परिसर इथे धोका जास्त. मारा अधलंमधलं. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण एक समजून घ्या, की गोळ्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. घरी पोहोचल्यावर डबी बाजूला ठेवून दिली तर आधीच्या गोळ्या वाया.

प्रवास विमा घेताना त्यात विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च धरलाय का ते बघा. मारात पाय मोडला तर नैरोबीला आणायला छोटं विमानच लागतं. ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही १९५७ पासूनची संस्था हे काम करते आणि पर्यटकांसाठी तिचं अल्प मुदतीचं सदस्यत्वही मिळतं.

बॅग भरताना

आफ्रिका म्हणजे ऊन, हा समज घरी ठेवून या. नैरोबी सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे अख्खं शहर कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. जुलैच्या पहाटे पारा ११-१२ अंशांवर येतो. सफारीची गाडी सहाला सुटते आणि तिचं छप्पर उघडं असतं. माझी वहिनी पहिल्या वर्षी फक्त सुती कुडते घेऊन आली आणि तीन दिवस हॉटेलचं ब्लँकेट पांघरून सिंह बघत होती. स्वेटर, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणा. दुपारचं ऊन मात्र विषुववृत्ताचं आहे; हवा गार लागते म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं.

कपडे मातकट, खाकी, फिकट हिरवे असावेत. निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला खेचतो आणि ती जाड कापडातूनही चावते. लष्करी ठिपक्यांचे कपडे 'जंगलाला शोभतात' म्हणून घेऊ नका, पोलीस हटकतात.

प्लास्टिकची पिशवी हा आपल्या लोकांचा खास प्रश्न. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती नुसती कागदावर नाही; कायद्यात ४० लाख शिलिंगपर्यंत दंड आणि चार वर्षांपर्यंत कैद आहे. पर्यटकाला लगेच कोणी तुरुंगात टाकत नाही, पण विमानतळावर चिवड्याची आणि चपलांची पिशवी रिकामी करायला लावतात. ड्यूटी-फ्रीची पिशवीही तिथेच सोडायची. सगळं कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा. जून २०२० पासून अभयारण्यांत आणि किनाऱ्यांवर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या, कप, स्ट्रॉही चालत नाहीत. घरची स्टीलची बाटली आणा, लॉजवर पाणी भरून मिळतं. नळाचं पाणी कुठेच पिऊ नका.

माराला नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या पिशवीसकट १५ किलो सामान आणि तेही मऊ बॅगेत. कडक चाकाची बॅग विमानाच्या पोटात मावत नाही. प्लग इंग्लंडसारखा, चौकोनी तीन पिनांचा. सोन्याबद्दल स्पष्टच सांगतो. मंगळसूत्र, बांगड्या, साखळी घरी ठेवा. भारतीय बायका सोनं घालतात हे इथल्या चोरांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. काळी पोत चालत असेल तर ती घाला.

उतरल्यावर : सिम, शिलिंग, एम-पेसा

मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांत जोमो केन्याटा विमानतळावर पोहोचतं. घड्याळ अडीच तास मागे करा. बाहेर पडण्याआधीच सफारीकॉम या मोबाइल कंपनीच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि त्याच वेळी एम-पेसा सुरू करून मागा. नंतर शहरात करायला गेलात तर अर्धा दिवस जातो.

एम-पेसा म्हणजे फोनवरून पैसे देण्याची केनियाची पद्धत. ती मार्च २००७ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे यूपीआयचं नावही नव्हतं तेव्हा. भाजीवाली, टॅक्सी, हॉटेल, देणगीपेटी, सगळीकडे चालतं. बँक खातं लागत नाही. हिरव्या पाटीच्या एजंटकडे पासपोर्ट दाखवून रोख द्यायची, ती फोनमध्ये जमा होते. दुकानात 'टिल नंबर' लिहिलेला असतो. तो आणि रक्कम घातली की पैसे जाण्याआधी समोरच्याचं नाव येतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक फसवणूक फार चालते. 'तुमच्या खात्यात ५,००० शिलिंग आले' असा संदेश येतो, पाठोपाठ रडवेला फोन, "चुकून पाठवले, परत करा ना!" तो संदेश खोटा असतो. शिल्लक तपासा आणि फोन ठेवा.

एका रुपयाला साधारण दीड शिलिंग, असा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवा. आपलं यूपीआय इथे चालेल असं धरून येऊ नका. कार्ड मॉलमध्ये आणि मोठ्या हॉटेलांत चालतं. डॉलर आणायचे तर नवीन छपाईचे, न फाटलेले आणा. जुन्या मालिकेची नोट बदलून देणारा रस्त्यावर भेटेल, पण त्याच्याशी व्यवहार नको. एटीएम बँकेच्या किंवा मॉलच्या आतलंच वापरा.

विमानतळावरून शहरात यायला उबर आणि बोल्ट दोन्ही आहेत, किंवा हॉटेलची गाडी. २०२२ मध्ये झालेल्या उन्नत द्रुतगती मार्गाने टोल भरून आलात तर तासाचं अंतर वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. जाताना मात्र विमानतळाच्या अलीकडेच सगळ्यांना गाडीतून उतरवून तपासतात, तिथे रांग लागते. तीन तास हाताशी ठेवा.

नैरोबीत वावरताना

नैरोबीला चोरांचं शहर म्हणतात. मी तसं म्हणणार नाही, पण इथे मोबाइल हातात धरून फुटपाथवर नकाशा बघत उभं राहू नका. बोडा-बोडा म्हणजे मोटरसायकल-टॅक्सी. त्यावरचा मागचा माणूस धावत्या गाडीवरून फोन उचलून नेतो. माझ्या दोन्ही पाहुण्यांचे फोन असेच गेले, एकाचा तर गाडीच्या उघड्या काचेतून, सिग्नलला. काचा वर, फोन खिशात, बॅग पायाशी. अंधार पडल्यावर पायी चालायचं नाही, अगदी दोन चौक असले तरी. संध्याकाळी साडेसहा-सातला इथे बाराही महिने अंधार पडतो, संधिप्रकाश फार थोडा वेळ असतो. रिव्हर रोडकडचा जुना बाजार, ईस्टली आणि किबेरा इथे ओळखीच्या स्थानिक माणसाशिवाय जाऊ नका.

मटाटू या रंगीत, गाणी वाजवणाऱ्या खासगी गाड्या बघायला मजा येते. दिवसा, माहितीच्या माणसाबरोबर एकदा बसून बघायला हरकत नाही. एरवी ॲपची टॅक्सी घ्या आणि बसण्याआधी नंबरप्लेट जुळवा. बोडा-बोडावर बसूच नका. इथल्या हाडवैद्यकाच्या वॉर्डात अर्धे रुग्ण त्यांचेच, असं एका डॉक्टर मित्राचं म्हणणं.

मॉलमध्ये शिरताना बॅग तपासतात, गाडीखाली आरसा फिरवतात. २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर झालेल्या हल्ल्यात ६७ माणसं गेली, त्यात भारतीयही होते. २०१९ मध्ये एका हॉटेल-संकुलावर पुन्हा हल्ला झाला. तेव्हापासून ही शिस्त आहे, तिला कंटाळू नका. सोमालियाच्या सीमेकडचे मांडेरा, वाजीर, गारिसा हे जिल्हे आणि लामूचा मुख्य भूमीवरचा भाग टाळा. पर्यटकाच्या वाटेवर ते येतही नाहीत.

राष्ट्राध्यक्षांचं स्टेट हाउस, पोलीस ठाणी, लष्कराच्या जागा, विमानतळ यांचे फोटो काढू नका. ड्रोन परवानगीशिवाय आणलात तर विमानतळावरच अडवून ठेवतात. पोलिसाने अडवलं तर शांतपणे पासपोर्टची प्रत दाखवा. 'चहासाठी काही' असं सुचवलं गेलं तर हसून ठाण्यावर पावतीसह दंड भरायची तयारी सांगा. बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो.

खाण्याची चिंता नको. पार्कलँड्स आणि वेस्टलँड्समध्ये थाळीपासून पावभाजीपर्यंत सगळं मिळतं. डायमंड प्लाझाच्या खाऊगल्लीत रविवारी संध्याकाळी बसायला जागा नसते. पण स्थानिक शाकाहारही चाखा. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सोबत सुकुमा विकी नावाची हिरवी पालेभाजी. गिथेरी म्हणजे मका आणि घेवड्याची उसळ. किनाऱ्यावर नारळाच्या दुधातली माहारागवे, ही राजम्याची आमटी, अगदी कोकणातल्या घरची वाटते. मोगो म्हणजे कसाव्याचे तळलेले तुकडे, वर लिंबू आणि तिखट. मांस नको असेल तर नुसतं 'नो मीट' म्हणू नका, कारण कोंबडी आणि मासा पुष्कळांच्या हिशेबात मांसात येत नाहीत. म्हणा, "सिली न्यामा, कुकु, समाकी." मटण, कोंबडी, मासा खात नाही. अंडं नको असेल तर पुढे "मायाई" जोडा.

बोलणं आणि घड्याळ

स्वाहिलीत आपले शब्द भेटतील. गाडीला गारी, दुकानाला दुका, रंगाला रांगी, विम्याला बिमा, बंदराला बंदारी, आंब्याला एम्बे, लाखाला लाकी, कोशिंबिरीला काचुंबारी. चपाती तर चपातीच, फक्त मैद्याची आणि पदर सुटलेली. ही शतकांची समुद्रावरची ये-जा आहे. त्यात १८९६ ते १९०१ मध्ये मोंबासाहून रेल्वे टाकायला आणलेल्या तीसेक हजार हिंदी मजुरांची भर पडली. त्यातले सुमारे अडीच हजार इथेच मेले. १९२० पर्यंत इथे चलनही रुपयाच होतं. एक गंमत : माहिंदी म्हणजे मका आणि म्हिंदी म्हणजे भारतीय माणूस. रस्त्यावर कोणी "माहिंदी! माहिंदी!" ओरडलं तर तुम्हाला हाक नाही मारत, कणसं विकतोय.

काहीही विचारण्याआधी नमस्कार करा. "हबारी?" म्हणजे काय खबर, उत्तर "न्झुरी", चांगली. दुकानात शिरल्याबरोबर भाव विचारणं उद्धट समजतात. "बेई गानी?" केवढ्याला, "असांते साना" आभार, "हपाना, असांते" नको धन्यवाद, "सामाहानी" माफ करा. एवढ्यावर आठवडा निघतो.

आणि आपसात बोलताना जीभ आवरा. टॅक्सीत बसून ड्रायव्हरबद्दल 'हा काळा' वगैरे मराठीत बोलणारे पाहुणे मी ऐकले आहेत. नैरोबीचा ड्रायव्हर हिंदी-गुजराती घरांच्या आजूबाजूला वाढलेला असू शकतो. 'काला' हा शब्द त्याला तुमच्यापेक्षा जास्त वेळा ऐकायला मिळालाय. मला त्या दिवशी गाडीतून उतरून जावंसं वाटलं होतं.

आता घड्याळ. स्वाहिली दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सात वाजले म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. 'सा म्बिली असुबुही' म्हणजे शब्दशः सकाळचे दोन, म्हणजे आपले आठ. कोणी स्वाहिलीत वेळ सांगितली की सहा तास मिळवा. इंग्रजीत बोलले तर नेहमीचीच वेळ असते. घोटाळा होतो तो अर्धं स्वाहिली अर्धं इंग्रजी बोलणाऱ्याकडून. माझे मेहुणे "टू" ऐकून दुपारी दोनला तयार होऊन बसले, गाडी सकाळी आठला येऊन परत गेली होती. वेळ लिहून घ्या.

सफारी : पैसे देण्याआधी चार प्रश्न

रस्त्यावर गाठून 'उद्याच मारा, अर्ध्या किमतीत' सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका. कंपनी निवडताना ती केनियाच्या टूर ऑपरेटर संघटनेची, म्हणजे काटोची, सदस्य आहे का ते बघा. गाइडकडे सफारी गाइड संघटनेचा ब्राँझ, सिल्व्हर किंवा गोल्ड बिल्ला आहे का विचारा. मग हे चार प्रश्न लेखी विचारा : उद्यानाची फी किमतीत धरली आहे का आणि किती दिवसांची? गाडी लँडक्रूझर की छप्पर उघडणारी व्हॅन, आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का? लॉज उद्यानाच्या आत की बाहेर? नैरोबीहून कधी निघणार?

तिसऱ्या प्रश्नामागे पैसा आहे. माराचं तिकीट एका दिवसाचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तासांचं असतं. स्वस्त लॉज बहुतेक फाटकाबाहेर असतात. दुपारी चारला पोहोचून दोन तासांची फेरी मारलीत तरी पूर्ण दिवसाची फी लागते. अशा दिवशी लॉजवर आराम करा आणि दुसऱ्या पहाटे आत जा. मारा नारोक जिल्हा सरकारकडे आहे. त्सावो, नाकुरू, नैरोबी ही राष्ट्रीय उद्यानं केनियाच्या सरकारी वन्यजीव सेवेकडे आहेत आणि तिथे फाटकावर रोख घेत नाहीत, फी आधी ऑनलाइन भरावी लागते.

चौथा प्रश्न जिवाचा. नैरोबी ते मारा पाच-सहा तासांचा रस्ता आहे, त्यातला घाट आणि ट्रकची रांग दिवसाही जीव खाते. सकाळी सातच्या आत निघणारी गाडीच घ्या आणि अंधाराआधी लॉजवर असा. रात्री न दिसणारे बंद ट्रक, रस्त्यावर येणारी गुरं, दिवे नसलेल्या मोटरसायकली. ज्यांची गाडी बंद पडली ते कुटुंब 'दुपारी खरेदी आटपून निघू' म्हणून तीनला निघालं होतं. सीटबेल्ट मागच्या सीटवरही लावा. ड्रायव्हर भरधाव जात असेल तर "पोले पोले, ताफाधाली" म्हणा, हळू, कृपा करून. भीड ठेवू नका.

गाडीत बसल्यावर नियम थोडे आहेत. उतरायचं नाही, दाराबाहेर हातपाय काढायचे नाहीत, छपरावर चढायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. सिंहाला गाडी एक मोठी वास मारणारी वस्तू वाटते. तुम्ही खाली उतरलात की तिचे तुकडे पडतात आणि त्यातला एक खाण्याजोगा दिसतो. ड्रायव्हरला 'अजून जवळ घे' म्हणून रस्त्याबाहेर जायला लावू नका, दंड त्याला बसतो. लॉजवर रात्री खोलीबाहेर पडायचं तर पहारेकऱ्याला सोबत घ्या. विशेषतः नैवाशा सरोवराकाठी, कारण पाणघोडे रात्री चरायला गवतावर येतात आणि दिसतात तसे आळशी नसतात. तंबूची चेन पूर्ण लावा, नाहीतर माकडं लाडू घेऊन जातील.

मसाई माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गाडीच्या गाइडला माणशी रोज पाच ते दहा डॉलर टिप देण्याची रीत आहे. हस्तिदंत, कासवाचं कवच, प्रवाळ, शिंपले यांच्या वस्तू कोणी कितीही गोड बोलून विकल्या तरी घेऊ नका. तो गुन्हा आहे.

वेळ नसेल तर नैरोबी राष्ट्रीय उद्यान कमी लेखू नका. १९४६ चं, ११७ चौरस किलोमीटरचं, शहराला चिकटून; गेंड्यामागे उंच इमारती दिसतात. हत्ती मात्र तिथे नाहीत. हत्तीची अनाथ पिल्लं शेल्ड्रिक संस्थेत सकाळी ११ ते १२ बघता येतात, नाव आधी नोंदवावं लागतं.

मोंबासाला जाणार असाल तर

रस्त्याने नको, रेल्वेने जा. २०१७ पासूनची मदाराका एक्सप्रेस पाच-सहा तासांत पोहोचवते आणि त्सावोतून जाताना खिडकीतून हत्ती दिसतात. तिकिटाचे पैसे एम-पेसाने भरता येतात आणि मूळ पासपोर्ट लागतो. स्टेशनं दोन्ही टोकांना शहराबाहेर आहेत. फलाटाआधी सामान ओळीने जमिनीवर ठेवून कुत्र्यांकडून हुंगवतात, म्हणून तासभर आधी पोहोचा.

जुन्या शहरातला फोर्ट जीझस पोर्तुगीजांनी १५९३ ते ९६ मध्ये बांधला आणि त्याचा कारभार गोव्याहून चाले. वसई, रेवदंडा पाहिलेल्याला त्या भिंती ओळखीच्या वाटतील. तिथल्या गल्ल्यांत फिरताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. किनाऱ्यावर 'बीच बॉइज' मागे लागतात. थांबून वाद घालण्यापेक्षा हसून "हपाना, असांते" म्हणत चालत राहा. वाळूवर अंधारानंतर नाही. आणि मच्छरदाणी रोज. मोंबासाला डास संध्याकाळी सहालाच कामावर हजर होतो.

काही बिघडलंच तर

पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, रेड क्रॉसची रुग्णवाहिका ११९९. नैरोबीत आगा खान विद्यापीठ रुग्णालय, एम. पी. शाह आणि नैरोबी हॉस्पिटल ही मोठी खासगी रुग्णालयं. दाखल करताना आगाऊ रक्कम मागतात, म्हणून विम्याचा क्रमांक फोनमध्ये आणि कागदावरही असू द्या. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडून तक्रारीची नोंद घ्या, मग नैरोबीतलं भारतीय उच्चायुक्तालय किंवा मोंबासातलं सहायक उच्चायुक्तालय. कोणी लुटायला आलं तर द्या. फोन, घड्याळ, पाकीट, सगळं. झटापट करू नका.

परतल्यावर

मुंबईत उतरल्यावर पिवळं कार्ड हातात ठेवा. मग मुख्य गोष्ट. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि खुर्चीत बसताच पहिलं वाक्य हे बोला, "मी केनियाहून आलोय, मलेरियाची रक्ततपासणी करा." आपल्याकडे पावसाळ्यात तापाचे रुग्ण दारात रांग लावतात, तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरला सुचणार कसं? माझे ते पाहुणे डियानीला चार दिवस राहिले, गोळ्या परतल्यावर दुसऱ्या दिवशी सोडल्या, बाराव्या दिवशी अंग फणफणलं. दोन दिवस व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल चाललं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी डॉक्टरांसमोर सहज म्हटलं, "अहो, हे आत्ताच आफ्रिकेला जाऊन आलेत." त्या संध्याकाळी ते अतिदक्षता विभागात होते. दहा दिवसांनी घरी आले आणि मला फोन करून पहिलं काय विचारलं असेल, तर त्या उरलेल्या गोळ्या आता टाकून द्यायच्या का.